बायनरी सर्च: मुलाखतीत सीमा कशा सांभाळाव्यात

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतील अभियांत्रिकीच्या मुलामुलींच्या सराव मुलाखती घेताना एक गोष्ट मला वारंवार दिसते. बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या घटकांतील मधला पाहून दर वेळी निम्मे घटक सोडून देत शोधण्याची पद्धत, तोंडी सांगता न आलेला विद्यार्थी क्वचितच भेटतो. पण तोच विद्यार्थी कोड लिहू लागला की दोनच घटकांच्या ॲरेवर (क्रमांकित यादीवर) लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा भाग, अडकून राहतो, किंवा शोधायची संख्या सर्वांत मोठी असेल तर कोड ॲरेच्या बाहेर हात घालतो. कल्पना कठीण नाही. कठीण आहेत त्या सीमा, आणि मुलाखत घेणारा हा सोपा वाटणारा प्रश्न नेमका त्यासाठीच विचारत असतो. ही अडचण आजची नाही आणि केवळ नवशिक्यांची तर नाहीच. संगणकाच्या आद्य निर्मात्यांपैकी एक असलेल्या जॉन मॉक्ली यांनी १९४६ साली ही पद्धत व्याख्यानात मांडली, आणि कोणत्याही लांबीच्या ॲरेवर चालणारे तिचे रूप छापून येण्यास त्यानंतर दशकभराहून अधिक काळ जावा लागला.

या लेखात बायनरी सर्चचे एकच रूप मी सांगणार आहे. पाठ करण्यासारखी चार-पाच रूपे बाजारात आहेत, पण मुलाखतीच्या ताणात त्यांची सरमिसळ होते आणि एका रूपाची लूपची अट दुसऱ्या रूपाच्या बदलाला जोडली जाते. एकच रूप पक्के करावे आणि प्रत्येक प्रश्न त्या रूपात बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न ‘पहिला हो’ शोधण्याचा आहे

जेटीच्या पायऱ्यांवर उभे राहून भरती पाहिलेल्या कोणालाही हे चित्र नवे नाही. ओहोटी पूर्ण झाल्यापासून भरती पूर्ण होईपर्यंत साधारण सहा तास पाणी चढत राहते. या काळात दर मिनिटाला ‘सातव्या पायरीला पाणी लागले का?’ असे विचारले, तर उत्तरांची रांग नाही, नाही, नाही अशी सुरू होते आणि एका क्षणानंतर हो, हो, हो अशी शेवटपर्यंत जाते. एकदा हो आले की पुन्हा नाही येत नाही. अशा रांगेतील पहिला हो शोधायचा असेल तर प्रत्येक मिनिट तपासण्याची गरज नसते. मधल्या मिनिटाचे उत्तर नाही असेल तर त्याच्या आधीची सगळी मिनिटे नाहीच असणार, म्हणून ती सोडून द्यावीत. हो असेल तर पहिला हो तेथेच किंवा त्याआधी असणार, म्हणून पुढची सगळी मिनिटे सोडून द्यावीत.

चढत्या क्रमाने लावलेल्या ॲरेमध्ये ‘हा घटक शोधायच्या संख्येएवढा किंवा त्याहून मोठा आहे का?’ असा प्रश्न प्रत्येक जागी विचारला की हीच रांग मिळते. म्हणजे बायनरी सर्चला खरी गरज असते ती नाही-नाही-हो-हो अशा एकदाच पालटणाऱ्या उत्तरांची, आणि ॲरे सॉर्टेड (क्रमाने लावलेला) असणे हे ती उत्तरे मिळवण्याचे सर्वांत परिचित साधन आहे. उलट, शोधाचा पल्ला भरतीच्या पलीकडे पुढच्या ओहोटीपर्यंत नेला, तर उत्तरे नाही-हो-नाही अशी येतात आणि पद्धत कोसळते. एखादी उंच लाट क्षणभर पायरी भिजवून गेली तरी तेच होते: अवेळी आलेला एक हो पुढची सगळी योग्य मिनिटे फेकून देण्यास भाग पाडतो. म्हणून मुलाखतीत कोडला हात घालण्यापूर्वी ‘माझा प्रश्न असा आहे, आणि त्याचे उत्तर एकदा हो झाल्यावर पुन्हा नाही होत नाही, कारण…’ हे वाक्य पूर्ण करून दाखवावे. ते पूर्ण होत नसेल तर बायनरी सर्च येथे लागू नाही, हेही वेळेत कळते.

कोड

मुलाखतीत आपण ज्या भाषेत लिहाल त्या भाषेची चिन्हे वापराल. येथे रचना दिसावी म्हणून मराठी शब्द घेतले आहेत. ‘यादी’ म्हणजे ॲरे, ‘शोध’ म्हणजे शोधायची संख्या, ‘न’ म्हणजे घटकांची संख्या आणि जागांची मोजणी शून्यापासून.

डावा = ०
उजवा = न
जोवर डावा < उजवा:
    मधला = डावा + (उजवा − डावा) / २
    जर यादी[मधला] >= शोध:
        उजवा = मधला
    नाहीतर:
        डावा = मधला + १
परत द्या डावा

भागाकारातील अपूर्णांक सोडून द्यायचा आहे. या कोडचा आधार म्हणजे लूपच्या प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला खरी असणारी दोन विधाने, ज्याला इन्व्हेरियंट म्हणतात. ‘डावा’च्या अलीकडच्या सगळ्या जागा निश्चित नाही आहेत, ‘उजवा’ आणि त्यापुढच्या सगळ्या जागा निश्चित हो आहेत. सुरुवातीला डावा ० असल्याने त्याच्या अलीकडे काहीच नाही, आणि उजवा न असल्याने त्याच्यापुढे काहीच नाही, म्हणून दोन्ही विधाने आपोआप खरी ठरतात. मधल्या जागेचे उत्तर हो आले की ती जागा हो च्या भागात जाते, म्हणून उजवा = मधला. नाही आले की ती नाही च्या भागात जाते, म्हणून डावा = मधला + १. दोन्ही एकमेकांना भिडले की अनिश्चित जागा उरत नाही आणि डावा हाच पहिला हो असतो. ही दोन विधाने मी विद्यार्थ्यांना कोडच्या वर टिप्पणी म्हणून लिहायला लावतो. ‘येथे + १ हवे की नको?’ हा गोंधळ अंदाजाने सोडवायचा नसतो. विधान वाचले की उत्तर तेथेच असते.

लूप संपतो याचीही खात्री देता आली पाहिजे. डावा उजव्याहून लहान असताना मधला नेहमी उजव्याहून लहानच येतो, म्हणून उजवा = मधला केल्यावर पल्ला नक्की आक्रसतो; डावा = मधला + १ मध्ये तर तो उघडच आक्रसतो. याउलट कोणी डावा = मधला असे लिहिले, तर डावा ३ आणि उजवा ४ असताना मधला पुन्हा ३ येतो आणि लूप तेथेच घुटमळत राहतो. सराव मुलाखतींत मी पाहिलेल्या अडकलेल्या लूपपैकी बहुतेक याच एका ओळीचे बळी होते.

आता आकडे घालून पाहू. आंबे वजनाप्रमाणे लावून ठेवले आहेत आणि त्यांची ग्रॅममधील वजने १८०, २०५, २१०, २३०, २३०, २३०, २५५, २७०, ३०० अशी आहेत. न = ९. शोध २३०. प्रथम मधला ४, वजन २३०, उत्तर हो, उजवा ४ होतो. मग मधला २, वजन २१०, नाही, डावा ३. मग मधला ३, वजन २३०, हो, उजवा ३. दोन्ही भिडले, उत्तर ३, म्हणजे तीन सारख्या वजनांपैकी पहिले. पाठ केलेल्या नेहमीच्या रूपात, जेथे बरोबरी दिसताच परत फिरतात, तेथे पहिल्याच फेरीत ४ हे उत्तर मिळाले असते. तेही चुकीचे नाही, पण ‘पहिली जागा सांगा’ असे म्हटल्यावर ते निरुपयोगी आहे.

शोध २४० असेल तर हाच कोड ६ देतो, जेथे २५५ आहे. म्हणजे २४० ॲरेत नाही, आणि ते घालायचे झाल्यास कोठे घालावे ते ६. शोध ३१० असेल तर उत्तर ९ येते, आणि जागा ९ अस्तित्वातच नाही. म्हणून ‘सापडले का?’ हे ठरवताना आधी डावा < न तपासावे आणि त्यानंतरच यादी[डावा] == शोध. हा क्रम उलटला की कोड कोसळतो, आणि मुलाखत घेणारा मोठ्यात मोठी संख्या देऊन नेमके हेच पाहतो.

एकाच रूपातून बाकीचे प्रकार कसे निघतात ते आता सहज दिसते. प्रश्न >= ऐवजी > असा केला की २३० च्या पुढची पहिली जागा, म्हणजे ६, मिळते. ६ मधून ३ वजा केले की २३० किती वेळा आले ते कळते: तीन वेळा. शेवटचे २३० हवे असेल तर ६ मधून १ वजा करावा. ‘शेवटचा नाही’ म्हणजे नेहमी ‘पहिल्या हो’च्या एक अलीकडे, ते −१ येऊ शकते, तेवढे मात्र तपासावे. उतरत्या क्रमाचा ॲरे असेल तर केवळ तुलना उलटते.

मधला काढताना

मधला = (डावा + उजवा) / २ असे न लिहिता वरचे लांब रूप का घेतले, हे मुलाखतीत हमखास विचारले जाते. ३२ बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ असते. ॲरेत सुमारे १०७ कोटींहून अधिक घटक असतील तर डावा आणि उजवा यांची बेरीज ही मर्यादा ओलांडते आणि उत्तर ऋण होते. ही काल्पनिक भीती नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत लायब्ररीतील (तयार कोडच्या संग्रहातील) बायनरी सर्चमध्ये हा दोष सुमारे नऊ वर्षे होता, आणि ते कोड लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली तो जाहीरपणे मांडला. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. पण कारण माहीत असावे. याच जातीची चूक पूर्णांक वर्गमूळ काढताना होते, कारण मधला × मधला हा गुणाकार मर्यादा ओलांडतो. तेथे मधला > क्ष / मधला अशी भागाकाराने तुलना करावी (क्ष म्हणजे जिचे वर्गमूळ हवे ती संख्या) आणि मधला शून्य होणार नाही याची काळजी घ्यावी.

फिरवलेला ॲरे

मुलाखतीतील पुढचा लाडका प्रश्न म्हणजे कोठेतरी तोडून फिरवलेला सॉर्टेड ॲरे. पुस्तकी वाटणारी ही रचना आपल्याकडे होडीमालकांच्या वह्यांत असते. पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर ऑगस्टपासून हंगाम सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो, म्हणून वहीतील महिन्यांचे क्रमांक ८, ९, १०, ११, १२, १, २, ३, ४, ५ असे येतात. संपूर्ण रांग सॉर्टेड नाही, पण ती दोन सॉर्टेड तुकड्यांची आहे. सर्वांत लहान घटक कोठे आहे, हे शोधण्यासाठी प्रश्न असा ठरवावा: ‘हा घटक शेवटच्या घटकाएवढा किंवा त्याहून लहान आहे का?’ शेवटचा घटक ५. आठ ते बारा यांना नाही, एक ते पाच यांना हो. एकदाच पालटणारी रांग मिळाली, आणि कोडमधील केवळ तुलनेची ओळ बदलून उत्तर ५ मिळते: मधला ५ वर महिना १, हो, मधला २ वर महिना १०, नाही, मधला ४ वर महिना १२, नाही, संपले. एखादा विशिष्ट महिना शोधायचा असेल तर ही जागा मिळाल्यावर तो कोणत्या तुकड्यात असेल ते शेवटच्या घटकाशी तुलना करून ठरवावे आणि त्या तुकड्यात नेहमीचा शोध लावावा. एकाच लूपमध्ये दोन्ही कामे करणारे रूपही आहे, परंतु चार अटी एकमेकांत गुंतलेला तो कोड ताणाखाली बिनचूक लिहिण्यापेक्षा दोन सोपे शोध एकामागून एक लिहिणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. वेळ लॉगरिदमच्या प्रमाणातच, म्हणजे घटक दुप्पट झाले तरी एकदोन तुलनाच वाढतील असा, राहतो.

सारखे घटक आले की मात्र ही युक्ती ढासळते. २, २, २, १, २ या ॲरेत शेवटचा घटक २ असल्याने प्रत्येक जागी हो येते आणि कोड ० सांगतो, जरी सर्वांत लहान घटक जागा ३ वर असला तरी. अशा ॲरेवर वाईटात वाईट परिस्थितीत सगळे घटक पाहण्यावाचून गत्यंतर नसते. ‘घटक वेगवेगळे आहेत ना?’ हा प्रश्न म्हणूनच आधी विचारायचा असतो.

ॲरे नसताना

अनुभवी मुलाखतकाराचा खरा रोख बहुधा येथे असतो. समोर सॉर्टेड ॲरे दिसत नाही, ‘कमीत कमी किती क्षमता पुरेल?’ असा प्रश्न येतो, आणि उमेदवाराला बायनरी सर्च आठवतच नाही.

समजा, एका बागायतदाराच्या सात कलमबागांतून ठरलेल्या क्रमाने पेट्या उचलायच्या आहेत: २०, ३५, १५, ४०, २५, ३०, १०. एका बागेतील पेट्या दोन खेपांत विभागायच्या नाहीत, क्रम मोडायचा नाही, आणि टेंपोच्या जास्तीत जास्त तीन खेपा करायच्या आहेत. टेंपोची किमान क्षमता किती पेट्यांची हवी? सात संख्यांच्या या यादीत शोधण्यासारखे काही नाही, आणि ती सॉर्टेडही नाही. परंतु क्षमतांची रांग कल्पावी. ‘इतक्या क्षमतेत तीन खेपांत काम होते का?’ याचे उत्तर एखाद्या क्षमतेला हो असेल तर त्याहून मोठ्या प्रत्येक क्षमतेला हो असणारच, कारण मोठ्या टेंपोत तोच माल तसाच भरता येतो. पुन्हा भरतीचीच रांग.

पल्ला ठरवताना सर्वांत मोठी बाग ४० पेट्यांची आहे, म्हणून त्याहून लहान टेंपो कामाचाच नाही: डावा = ४०. सगळा माल १७५ पेट्या, आणि तेवढ्या क्षमतेत एका खेपेत काम नक्की होते: उजवा = १७५. एखादी क्षमता तपासण्यासाठी बागा क्रमाने घेत जावे, बसत नाही असे झाले की नवी खेप सुरू करावी आणि खेपा मोजाव्यात. प्रथम १०७ तपासले जाते: दोन खेपा, हो. ७३: तीन खेपा, हो. ५६: चार खेपा, नाही. ६५: पहिल्या खेपेत २० आणि ३५, दुसरीत १५ आणि ४०, तिसरीत २५, ३० आणि १०, म्हणजे तीन खेपा, हो. ६१, ६३ आणि ६४ यांना नाही. उत्तर ६५. सात तपासण्यांत काम झाले. ४० पासून एकेक करत गेलो असतो तर सव्वीस लागल्या असत्या. ‘कमीत कमी मोठा’ किंवा ‘जास्तीत जास्त लहान’ अशी शब्दरचना प्रश्नात दिसली की हा मार्ग एकदा तपासून पाहावा. उमेदवार येथे बहुतेकदा चुकतात ते डावा ० किंवा १ घेऊन. लहान क्षमतेत एखादी बाग बसतच नाही आणि तपासणीचे कोड, तशी नोंद नसेल तर, खोटा हो देऊन बसते.

मुलाखतीत प्रत्यक्ष काय बोलावे

कोड लिहिण्यापूर्वी विचारायच्या गोष्टी फार नाहीत. ॲरे चढत्या क्रमाने आहे ना, घटक पुन्हा येऊ शकतात का, आले तर कोणती जागा हवी, आणि संख्या नसेल तर काय परत द्यायचे: −१, की ती घालण्याची जागा? ॲरे सॉर्टेड नसेल आणि शोध एकदाच घ्यायचा असेल, तर सॉर्ट करून बायनरी सर्च लावणे हे सरळ एकेक घटक पाहण्यापेक्षा महाग पडते, हेही बोलून दाखवावे. लिंक्ड लिस्टवर (जिथे प्रत्येक घटक फक्त पुढच्या घटकाशी जोडलेला असतो) बायनरी सर्च का लावू नये, असे विचारले तर मधल्या घटकापर्यंत थेट उडी मारता येत नाही, हे कारण सांगावे. गाडीत पहिल्या डब्यातून दहाव्या डब्यात जायचे तर मधले आठ डबे चालावेच लागतात, तसे.

वेळेबद्दल बोलताना आकडे सांगितलेले बरे. १,००० घटकांना जास्तीत जास्त १० तुलना, १० लाखांना २०, १०० कोटींना ३०. तयार लायब्ररी वापरण्याची मुभा मिळाली तर पायथनमधील बायसेक्ट लेफ्ट आणि सी प्लस प्लसमधील लोअर बाउंड हे वरच्याच कोडसारखे ‘पहिला हो’ देतात. जावाचे तयार फंक्शन मात्र सारख्या घटकांपैकी कोणत्याची जागा देईल याची हमी देत नाही, आणि संख्या नसेल तर घालण्याची जागा ऋण करून त्यातून आणखी १ वजा करून देते. शून्याव्या जागेसाठी −१ येतो. ते ‘सापडले नाही’चे सरसकट चिन्ह समजणे ही ठरलेली चूक आहे.

पावसाळ्यात गावातून ऑनलाइन मुलाखत देणाऱ्यांना वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो, म्हणून कागद आणि पेन जवळ ठेवावेच. पण कागदाचा खरा उपयोग वेगळा आहे. कोड लिहून झाल्यावर ‘झाले’ म्हणण्यापूर्वी कागदावर डावा, उजवा, मधला अशा तीन रकान्यांत रिकामा ॲरे, एका घटकाचा ॲरे आणि दोन घटकांचा ॲरे हाताने चालवून दाखवावा. मोठ्या ॲरेवर चालणारे चुकीचे कोड या तीनपैकी एकावर बहुधा पडते. घरी सराव करताना हेच काम संगणकाकडून करून घ्यावे: लांबी ० ते ६ चे, ० ते ९ मधील लहान संख्यांचे यादृच्छिक ॲरे तयार करून सॉर्ट करावेत, −१ पासून १० पर्यंत प्रत्येक संख्या त्यांत शोधावी, आणि प्रत्येक उत्तर एकेक घटक पाहत जाणाऱ्या साध्या लूपच्या उत्तराशी ताडून पाहावे. जेथे दोघांचे पटत नाही तो सर्वांत लहान ॲरे घ्यावा आणि इन्व्हेरियंटची दोन विधाने कोणत्या फेरीत मोडली ते कागदावर शोधावे.